अण्णांचा ऑटो क्लच

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. मला मापात खोटं चालत नाही. संगमनेरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. मशीनवरून भाग उतरतो, माझ्या टेबलावर येतो, मी मायक्रोमीटर लावतो. मापात बसला तर पुढे, नाही बसला तर लाल खोक्यात. सुपरवायझर म्हणतो, "अहो, केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरक, जाऊ द्या की." मी जाऊ देत नाही. त्यामुळे कारखान्यात मला मित्र थोडे, आणि जे आहेत तेही जेवणाच्या सुट्टीत दोन बाकं लांब बसतात.

घरी माझा एकच नाद, कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा. लोक त्याला गेम म्हणतात, म्हणोत बापडे. मागच्या खोलीत गव्हाच्या कोठ्या होत्या, त्या एका बाजूला सरकवून मी तिथे सगळं बसवलंय. उसाच्या ट्रॉल्या वेल्डिंग करणाऱ्याकडून लोखंडी सांगाडा करून घेतला, त्यावर भंगारातून आणलेली गाडीची सीट, समोर मोटर लावलेलं स्टिअरिंग, खाली तीन पेडल, बाजूला गिअरचा दांडा आणि पुढे मोठा स्क्रीन. ते स्टिअरिंग नुसतं फिरत नाही. वळणावर ते हाताला ओढतं, खड्ड्यात थरथरतं, मागचं चाक सुटलं तर हातातून निसटायला बघतं. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणायची, "घरात गहू ठेवायला जागा नाही आणि तुम्ही गाडी उभी केलीत, तीही न चालणारी."

या गेममध्ये एक पान असतं, त्यावर मदतीच्या खुणा असतात. ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ नये याची मदत, गाडी घसरू नये याची मदत, कुठे वळायचं ते दाखवणारी रस्त्यावरची हिरवी रेघ, क्लच आपोआप दाबला जाण्याची सोय. एकेक खूण लावत गेलं की गाडी हळूहळू स्वतःच चालायला लागते, आणि वर बसलेल्याला वाटतं, वा, काय हात आहे आपला! माझ्या सगळ्या खुणा कायम बंद. आमचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, राज्यभरातले नादिष्ट आहेत त्यात. नवा आलेला प्रत्येक जण पहिल्याच दिवशी हजार अश्वशक्तीची, जमिनीला पोट घासणारी गाडी घेतो, सगळ्या मदती लावतो आणि विचारतो, "माझा वेळ कसा आहे?" मी लिहायचो, "वेळ तुमचा नाही, मशीनचा आहे. ज्याला पहिल्याच महिन्यात असली गाडी लागते त्याला गाडी नको असते, जत्रेतला पाळणा पाहिजे असतो. आधी शंभर अश्वशक्तीच्या आतली गाडी घ्या, सगळं बंद करा, मग बोला." दोन वेळा मला ग्रुपमधून काढलं. दोन्ही वेळा परत घेतलं, कारण कुणाचं पेडल बिघडलं की ते माझ्याशिवाय कुणाला उघडता यायचं नाही.

आता अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. तीसेक वर्षं त्यांनी दुधाचा टँकर चालवला. पहाटे संकलन केंद्रावरून निघायचं, नाशिक-पुणे रस्त्याने घाट चढायचा, उतरायचा, दूध पोचवायचं, परत. एवढ्या वर्षांत एकदाही पलटी नाही की कुणाला धक्का नाही. याचा त्यांना एवढा अभिमान की लग्नाच्या पंगतीत शेजारी कोण बसलंय ते न बघता सांगायला सुरुवात करायचे. निवृत्त झाल्यावर एक पांढरी छोटी कार घेतली, जुनीच. आईला बस लागते, बसली की उलटी. अण्णांच्या गाडीत तिला कधी काही झालं नाही. पारनेरजवळ तिचं माहेर. तिथे जायचं ते अण्णांनीच न्यायचं, असा आमच्याकडचा नियमच.

या उन्हाळ्यात अण्णांना झटका आला. सकाळी दाढी करताना डाव्या हातातून वाटी पडली आणि तोंड वाकडं झालं. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. तोंड सुधारलं, चालायला लागले, पण डावा हात आणि डावा पाय सांगितलेलं उशिरा ऐकू लागले. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, सुधारेल, पण गाडी नाही. अण्णांनी विचारलं, "कधीपत्तोर?" डॉक्टर म्हणाले, "पाय वेळेवर उठेपर्यंत. दिवाळीनंतर बघू." गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. क्लच डाव्या पायाचा, आणि आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे गिअरही डाव्या हाताचा. अण्णांचं जे गेलं होतं ते नेमकं तेच.

डॉक्टर दिवाळी म्हणाले, अण्णांनी दसरा धरला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आईला माहेरी न्यायचं, स्वतः गाडी चालवत. आईचा थोरला भाऊ आजारी होता आणि तिचा डोळा तिकडेच लागला होता. मी म्हणालो, मी नेतो. अण्णा म्हणाले, "तू? तू ब्रेक दाबतोस का पाय आपटतोस?" आई म्हणाली, "जाऊ आपन सावकाश, घाई न्हाई." सगळ्यांना कळत होतं की प्रश्न पारनेरचा नाही. हा माणूस परत गाडी चालवणार की नाही, एवढाच प्रश्न होता.

एका रविवारी अण्णा मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. मी गाडी चालवत होतो. पाच-सात मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "ह्याला गाडी म्हनत्यात व्हय? बसायला एकच सीट. पिशवी ठिवायची म्हटली तर कुठं ठिवायची?"

मी म्हणालो, "अण्णा, ही शर्यतीची गाडी आहे."

"शर्यत आमीबी केली. पन दूध घिऊन केली. ह्याच्या मागं काय भरलंय?"

"काही नाही. मोकळी आहे."

"मोकळी गाडी कुनीबी पळवील. टँकर अर्धा भरून चालवायला दे म्हनावं. पुरा भरल्याला सोपा, अर्धा लई अवघड. ब्रेक मारला की दूध पुढं येतंय आन् मागनं ढुसनी देतंय."

एवढं बोलून ते सीटवर बसलेच. मी उठलो होतो की त्यांनी मला उठवलं, आता आठवत नाही. पहिल्यांदा त्यांनी गाडी निवडायला घेतली. मी एकेक दाखवत गेलो, ते एकेक मोडीत काढत गेले. लाल, "ही रंगपंचमीची." दुसरी, "हिला जिमिनीला घासायचंय." तिसरीचं स्टिअरिंग डावीकडे, "हे उलट्या हाताचं नको." मला मनातून वाटलं, डावीकडचं स्टिअरिंग घ्यावं की यांनी. तशा गाडीत गिअर उजव्या हाताला येतो, आणि उजवा हात तर यांचा ठणठणीत. तसं बोललोही. अण्णांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "माझी गाडी उजव्या अंगाचीच हाय," म्हणाले. शेवटी त्यांना एक जपानी डबा सापडला, जुना, चौकोनी, शंभर अश्वशक्तीच्या बराच खाली. शर्यत करणाऱ्यातला कुणी त्या गाडीवर बोट ठेवत नाही. मला मात्र बरं वाटलं. जे ग्रुपमधल्या शिकल्या-सवरल्या पोरांना वर्षभर सांगून पटत नव्हतं, ते माझ्या बापाने पाच मिनिटांत केलं होतं. मग रस्ताही जपानातलाच शोधला, डोंगरातला घाट. तिकडेही आपल्यासारखं डाव्या बाजूने चालवतात, हे कळल्यावर म्हणाले, "शहानी मानसं हायेत." मी गिअरचा दांडा काढून डाव्या अंगाला बसवला.

ते चालवायला लागले आणि मी बघतच राहिलो. घाटातल्या प्रत्येक वळणाआधी हॉर्न. मागून गेममधली गाडी आली की यांनी बाजूला होऊन तिला जाऊ द्यायचं. एक गाडी धक्का देऊन गेली तर, "आंधळा हाय का रं!" म्हणून तिला शिव्या. आरसा कुठेय, आरसा का दाखवत नाही, म्हणून माझ्यावर राग. मी आयुष्यभर ज्याला खरेपणा समजत आलो तो ब्रेकच्या गरम होण्याचा आणि टायरच्या झिजण्याचा. यांचा खरेपणा वेगळाच निघाला. समोरून कुणीतरी येणार आहे, असं धरून चालणं.

पण उतार लागला आणि सगळं बिघडलं. तिसऱ्यातून दुसरा टाकायचा, तर डावा पाय क्लचवर पोचायला अर्धा क्षण उशीर. हात आधीच दांडा ओढून बसलेला. क्लच दाबलेला नाही म्हणून गिअर पडत नाही, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि उतारावर न्यूट्रल म्हणजे गाडी मोकाट. धाडकन कठड्यावर. परत. परत कठडा. सहा वेळा. सातव्यांदा त्यांनी सुरूच केली नाही. हळूच उठले, डावा पाय हाताने उचलून पेडलाच्या बाहेर घेतला आणि म्हणाले, "चांगलं हाय तुझं मशीन." त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. आई त्यांच्या ताटाकडे बघत होती आणि मी आईकडे.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इतकं, की दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी ते पान उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तीन खुणा लावल्या. क्लच आपोआप. ब्रेकला मदत. घसरू नये म्हणून मदत. स्क्रीनच्या कोपऱ्यात तीन हिरवे दिवे लागले. मनाशी म्हणालो, आठवडाभर. जरा उभारी येऊ दे, मग एकेक काढू.

त्या संध्याकाळी अण्णा घाट उतरले. एकदाही कठडा नाही. पाय उशिराच जात होता, पण आता त्याला काही अर्थच उरला नव्हता. क्लच गेम दाबत होता आणि अण्णांचा पाय मागून येऊन मोकळं पेडल दाबत होता. खाली पोचल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, साईड दाखवून, आणि मोठ्यांदा हाक मारली, "अगं, इकडं ये!" आई पिठाच्या हाताने आली. "उतरलो," म्हणाले. आईला स्क्रीनवरचं काय कळलं देव जाणे, पण ती हसली. कित्येक दिवसांनी हसली.

मग ते रोजचंच झालं. मी कामावरून यायचो, चहा घ्यायचो, अण्णा तयारच. तासभर चालवायचे. मी शेजारी स्टुलावर. व्यायामही ते नेटाने करायला लागले, हे खरं. आणि हातात थोडी ताकद आली, हेही खरं. पण पायाचा तो अर्धा क्षण काही हलला नाही. मी मोजत होतो. माझं कामच ते.

बायकोच्या लक्षात आलं. एकदा ती चहा द्यायला आली आणि स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बघत राहिली. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाली, "ते हिरवे दिवे कसले लागलेत? तुम्हीच म्हणता ना, ते दिवे लागले की माणूस पाळण्यात बसलेला असतो?"

मी म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवढं कळतं की पोराला पेपर सोपा काढून शंभर मार्क दिले की वार्षिक परीक्षेला तोच रडतो. सांगून टाका त्यांना."

"सांगतो."

"कधी?"

मी चिडलो. आरडाओरडा केला. ज्याचं चुकतं तो आधी आवाज चढवतो, हे मला कारखान्यात रोज दिसतं, पण घरी दिसत नाही. सांगितलं मात्र नाही. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचे दोन.

मध्येच एकदा अण्णांनी सरळ विचारलं. घाट उतरून झाला होता, खुशीत होते. "काय रे, तू लोकांना सांगत असतोस, सगळं खरं पायजे, खोटं चालत न्हाई. ह्याच्यात खोटं काय न्हाई ना?"

"नाही अण्णा," मी म्हणालो. "सगळं खरं आहे."

"मंग झालं. डाक्टर खुर्चीत बसून सांगतो. मशीन पाय धरून सांगतंय."

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी बाहेर नळीने कार आणि मोटारसायकल धूत होतो. आमच्याकडे दसऱ्याला चाकावर चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीची पूजा होते. सायकलसुद्धा सुटत नाही. झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, चाकाखाली लिंबू, नारळ. मी आत आलो तर मागच्या खोलीतून धुपाचा वास. जाऊन बघतो तर स्टिअरिंगला झेंडूची माळ, गिअरच्या दांड्याला गंध, स्क्रीनवर कुंकवाचं बोट आणि पेडलांवर हळदीचा सडा. आई आरती ओवाळत होती आणि अण्णांनी पेडलाच्याच लोखंडी पट्टीवर नारळ फोडला होता. पाणी थेट आत.

"अण्णा!" मी ओरडलोच. "अहो, आत सर्किट आहे!"

"मंग? रोज हिच्यावर बसतो, हिलाच कोरडी ठिवायची का? बाहेरच्या गाडीला नारळ आन् हिला न्हाई, हे बरं दिसतंय का?"

दोन तास गेले. पेडल खोललं, हळद ब्रशने काढली, आतलं पाणी टिपलं, बायकोचा केस वाळवायचा ड्रायर लावला. जोडून बघतो तर क्लचचं माप वेडंवाकडं. शेवटी कॉम्प्युटरमधली गेमची सगळी मांडणी, म्हणजे सेटिंग, पुसून टाकली आणि मी माझी मूळची जपून ठेवलेली चढवली. पेडल ठीक झालं. मी सुटकेचा श्वास टाकला आणि आंघोळीला गेलो. माझ्या मूळच्या मांडणीत एकही मदत लावलेली नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मापाचा माणूस म्हणे!

दुपारी गल्लीतले लोक आपट्याची पानं द्यायला आले. अण्णांनी प्रत्येकाला सोनं दिलं, घेतलं, आणि मागच्या खोलीत घेऊन आले. "बसा. उद्या पारनेरला जायचंय, आज दाखवतो हात." माळ तशीच ठेवून ते सीटवर बसले. मी दारातून बघत होतो. स्क्रीनचा कोपरा रिकामा दिसला. हिरवे दिवे नव्हते. तेव्हाच "थांबा" म्हणता आलं असतं.

पहिलाच उतार. गिअर ओढला, पडला नाही, इंजिनाचा आवाज एकदम मोकळा झाला, गाडी सुसाट, कठडा. लोक हसले, वाईट नव्हते हसले. परत. कठडा. शेजारचे काका म्हणाले, "चालायचंच, सणाचा दिवस हाय." अण्णांनी स्टिअरिंगवरचा हात काढला, माझ्याकडे बघितलं आणि लोकांना म्हणाले, "नारळाचं पानी गेलंय आत. सकाळी माझीच चूक झाली." लोकांनी लाडू खाल्ले आणि ते गेले.

अण्णा तिथेच बसून होते. मला म्हणाले, "नीट करून ठिव. सकाळी निघायच्या आत यकदा चालवीन."

मी नुसतं "बरं" म्हणालो असतो तरी भागलं असतं. नारळाने मला वाट काढून दिली होती, आणि तीही त्यांच्याच तोंडाने. पण सकाळी त्यांच्या हातात खऱ्या गाडीची चावी असणार होती आणि शेजारी माझी आई.

"अण्णा, नारळाने काही झालं नाही," मी म्हणालो. "आज ते खरं आहे. इतके दिवस खोटं होतं."

त्यांना कळलं नाही. मी ते पान उघडून दाखवलं. खूण लावून दाखवली, काढून दाखवली. क्लच तुमचा पाय दाबत नव्हता, मशीन दाबत होतं. ब्रेकही अर्धा तेच सांभाळत होतं. त्यांनी सगळं ऐकलं. एकदाच विचारलं, "कधीपासनं?"

"दुसऱ्या दिवसापासून."

आई दारात येऊन उभी राहिली होती. अण्णांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "सांगा आता त्याला."

मग त्यांनी सांगितलं. मागच्या मंगळवारी, मी कारखान्यात आणि बायको शाळेत असताना, त्यांनी गाडी बाहेर काढली होती. आई शेजारी. पुलापर्यंत जाऊन यायचं, एवढंच. जाताना नीट गेले. येताना शाळेपुढच्या गतिरोधकावर गाडी हळू केली, थांबवली, पहिला टाकला, आणि डावा पाय क्लचवरनं निसटला. गाडीने उडी घेतली.

"शाळा सुटली हुती," अण्णा म्हणाले. "एक पोरगी हुती पुढं. पाठीवर दप्तर. यवढं अंतर ऱ्हायलं." त्यांनी उजव्या हाताची वीत दाखवली. "तिनं वळून बघितलंबी न्हाई. गेली बोलत बोलत."

मी कोठीवर बसलो.

"मंग मी इचार केला," ते पुढे म्हणाले, "मशीनवर तर दोन म्हैने असं कधी झालं न्हाई. रोज पाय लागतोय. म्हंजे पायात काय न्हाई, मी भ्यालोय. भीती मोडाया पायजे, न्हाई तर बसंल कायमची. म्हनून उद्याचं ठरवलं. डाक्टरवर न्हाई इस्वास ठिवला मी. तुज्यावर ठिवला."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी कारखान्यात रोज पोरांना झापतो, एक चुकीचा भाग पुढे गेला तर कुठे जाऊन काय मोडेल सांगता येत नाही म्हणून. तो भाग मी माझ्या हाताने पुढे ढकलला होता, दोन महिने, रोज चहा पिऊन. मला माझी लाज वाटली. आईसमोर, बापासमोर रडलो. बायकोने पाणी आणून ठेवलं.

अण्णांनी खिशातून गाडीची चावी काढली आणि माझ्या शेजारी कोठीवर ठेवली. "सकाळी सातला निघू," म्हणाले. "तुज्या मामाला बघून यिऊ."

सकाळी सातला निघालो. मी चालवायला, अण्णा शेजारच्या सीटवर, आई मागे. चंदनापुरीच्या घाटात पुढे कांद्याचा एक ट्रक लागला, रडत रडत चढणारा. मी चौथ्यातून तिसरा टाकला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं. अण्णांचा डावा पाय खाली दाबला गेला. तिथे काही नव्हतं, नुसती रबरी चटई. मी गिअर बदलला की त्यांचा पाय जायचा, दर वेळी, दर वेळी अर्धा क्षण उशिरा. ते खिडकीतून बाहेर बघत होते. पायाचं त्यांना माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक.

ट्रक आणखी हळू झाला. आता दुसरा टाकायचा होता. मी क्लच दाबला, हात दांड्यावर ठेवला आणि थांबलो. त्यांचा पाय खाली टेकेपर्यंत थांबावं, मग टाकावा, म्हणजे दोघांचं बरोबर पडेल. गाडीचा वेग पडला, मागच्याने हॉर्न दिला.

अण्णांनी मान वळवली नाही. "वेळेवर टाक गिअर," म्हणाले. "माज्या पायाची वाट बघू नको."

मी दुसरा टाकला. त्यांचा पाय मागून आला.